पहिल्या वर्षाचं कलम

वेलिंग्टन, ६ मे २०२४

ती. दादास,
मृदुलाचा सा. न. वि. वि.

वाऱ्याने आणखी एक छत्री मोडली, बाकी मी ठीक. हॉस्पिटल सोडून तू करतेस तरी काय, असं विचारलंस. दोन्ही कोरिया उद्या एक झाले, तर त्यांची आरोग्यव्यवस्था कशी जोडायची, याचा आराखडा आमचा गट करतोय. उत्तरेत क्षयाचे रुग्ण अफाट आणि औषधांची वानवा. सगळे एकदम दक्षिणेत आले, तर तिथली हॉस्पिटलंही कोलमडतील. म्हणून मी कलम लिहिलं: पहिलं वर्ष क्षयरुग्णांनी सीमा ओलांडायची नाही, उपचार तिकडेच.

गटातली डॉ. सोयॉन उत्तरेतून जीव मुठीत धरून पळालेली. तिची आई अजून तिकडेच आहे. कलम वाचल्यापासून ती माझ्याबरोबर चहालाही येत नाही. दादा, चूक माझी नाही रे. पुढच्या महिन्यात कलमावर गटाचं मतदान आहे.

दीप्तीवहिनीला नमस्कार. सिद्धीला पापा, मराठीत उत्तर दिलं तरच.

तुझी,
मृदुला

टाकानिनी, ऑकलंड, २० मे २०२४

चि. मृदुलास,
अनेक आशीर्वाद.

रागातच लिहायला बसलोय. आईचा व्हिसा अडकला. छातीच्या एक्स-रेत डाग दिसला आणि पुढच्या तपासणीत क्षय ठरला. उपचार पुरे होईपर्यंत तिला इकडे येता येणार नाही. तिची खोली रंगवून तयार आहे. सिद्धीने दारावर माओरीत ‘किया ओरा आजी’ असं स्वागत लिहिलंय. फोनवर आई एवढंच म्हणाली, "मी असं काय केलं रे?"

नियम बरोबर आहे, असं तू म्हणशील. असेलही. पण पुण्यात ती एकटी आहे आणि दीप्तीचे दिवस भरत आलेत, म्हणून मला हलता येत नाही. गोळ्यांनी उलट्या झाल्या तर तिच्याजवळ कोण बसणार? ‘उपचार तिकडेच’ असं तू लिहिलंस. ते करणार कोण, हे लिहिलंस का?

रागावलेला, तरी तुझाच,
दादा

वेलिंग्टन, १७ जून २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला लगेच उत्तर देण्याचं धाडस झालं नाही. मतदान गेल्या आठवड्यात झालं. सीमा सरसकट उघडा, असं मला म्हणता आलं नाही. आजही येत नाही. पण कलमात भर घातली: दक्षिणेतले डॉक्टर आणि औषधं पलीकडे पोचल्याशिवाय ही बंदी लागू होणार नाही, आणि रुग्णाच्या माणसांना त्याच्याकडे जायला कधीच आडकाठी नसेल. खर्चावरून बरीच खडाजंगी झाली. अवघ्या एका मताच्या फरकाने मंजूर झालं. सोयॉनने विरोधात मत दिलं.

बैठकीनंतर तिला आपल्या आईबद्दल सांगितलं. काम अर्धवट आहे, रजा मागू की नको, असं काहीतरी मी बडबडत होते. तिने माझा लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "तुला जाता येतं. जा."

शुक्रवारी निघते. आईचे उपचार पुरे होईपर्यंत पुण्यातच राहीन. वहिनीला जप. ऑकलंडला विमान बदलायचंय. राग गेला असेल तर एअरपोर्टवर ये. नसेल गेला, तरी ये.

तुझी,
मृदुला