मनीला सगळीकडे अ

१७ फेब्रुवारी
मी सांगते, धाकटी सून सुगंधा लिहिते. हिची बोटं दुखली की माझं बोलणं संपलं. थोरला लेक दिवाळीपासून वीटभट्टीवर, बायकोपोरांसकट. आज त्याच्या मनीला तिथून आणली. पाचवीत आहे, पेपर आहेत म्हणे. पोरीचे तळहात विटेसारखे खरखरीत.

२५ फेब्रुवारी
गुरुजींकडं गेले. प्रगतीपुस्तकात मनीला सगळीकडे अ.
"गुरुजी, पोर भट्टीवर. मग हा अ कुणाला दिला, माझ्या शेळीला?"
हसले. "आजी, मनी गाते, चित्र काढते, तोंडी हिशोब फटाफट. आमी वर्षभर बघून देतो. नव्हती तेव्हाही खाडा मांडला नाय, नाव राहावं म्हणून."
निघताना हळू आवाजात, "पण यंदा पाचवीला लेखी आहे. नाय जमलं तर याच वर्गात पुन्हा."
माणूस चांगलाय. म्हणून जास्त भ्याले.

६ मार्च
थोरल्याचा फोन. "नापास झाली तर शाळा पुरे. तान्ह्याला सांभाळायला इकडं घेऊन येतो."
म्हटलं, तू रे कधी पास झाला होतास? हसला नाय. एरवी हसतो.

२२ मार्च
सुगंधा रोज मनीला घेऊन बसते. आज धडा वाचायला लावला. मनी घडाघडा वाचते, ऐकत राहावं. मधेच सुगंधाने गुपचूप दोन पानं पुढं उलटली. मनी मागचंच बोलत राहिली, बोट मात्र नव्या पानावर.
सुगंधानं पुस्तक मिटलं. मला अक्षर येत नाय, पण एवढं मलाही दिसलं.

२ एप्रिल
अजून अक्षरं जुळवताना अडखळते. गाणं म्हण म्हटलं तर लगेच खूश. काय करू हिच्या खुशीचं...

११ एप्रिल
मराठीचा पेपर. मनी सगळ्यांआधी बाहेर. "सोपा होता गो आजी! एकपण ओळ रिकामी नाय."
"काय लिहिलंस?"
"वर छापलेलं ते खाली. सगळं."
सुगंधा म्हणाली, "प्रश्नच उतरवलेस?"
"मग? एकपण नाय चुकला."
गुरुजी दारात होते. आमच्याकडं न बघता म्हणाले, नापास झाली तर जूनमध्ये अजून एकदा पेपर देता येतो. थोरला त्याआधी येतो का नंतर, देव जाणे.
आता फोन वाजतोय. सुगंधा उठत नाय, मी उठत नाय. मनीच धावली. "बाबा असंल. मी सांगते कसा गेला ते."