गिलियनची शेवटची शर्यत

११ नोव्हेंबर २०१४, मंगळवार
आली! आमच्या नवरोबांच्या, प्रबोधच्या, लंडनच्या मॅनेजरची मावसबहीण, गिलियन. डिसेंबरात इथली सिंगापूरची मॅरेथॉन धावायची, त्याआधी उकाड्याची सवय व्हावी म्हणून महिनाभर आमच्या रिकाम्या खोलीत राहणार. ब्रिटनच्या संघातून दोनदा धावलेली बाई, आमच्या बेडॉकच्या फ्लॅटमध्ये! मला वाटलं ताडमाड असेल. माझ्या खांद्याला लागते. आल्या आल्या विचारलं, भात आहे का? मला एकदम आवडली.

१२ नोव्हेंबर
सकाळी ईस्ट कोस्टला धावून आली ती घामाने निथळतच. लिफ्टपासून दारापर्यंत थेंब. गार्गी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणते, "ममी, शी इज लीकिंग लाह." कार्टी! फडकं तिलाच मारायला लावलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
आज जेवताना बोलली. आधी गावाकडे डोंगरातल्या शर्यती, मग दहा हजार मीटर, मग मॅरेथॉन. मग टाचेचं दुखणं — दोन वर्षं वाया. आता अडतीस वय. बुटांच्या कंपनीने सांगितलंय, इथे पहिल्या पाचांत आलीस तरच करार पुढे. नाहीतर धावणं बंद, जानेवारीपासून गावातल्या शाळेत पीटीची बाई. "नोकरी वाईट नाही," म्हणाली आणि भात चिवडत बसली. मला रडूच आलं. पोळ्या लाटायच्या निमित्ताने उठले.

२ डिसेंबर, मंगळवार
कामात लक्ष कुठे आहे! ऑफिसात अर्ध्या मजल्याला सांगून झालं की रविवारी आमची गिलियन धावणार. शेजारच्या टेबलावरचा हेमचंद्र म्हणतो, "धावणार कोण, ती की तू?" म्हटलं, दोघी.

६ डिसेंबर
उद्या! एवढ्या मोठ्या कामाला निघालेल्या माणसाला ओवाळल्याशिवाय कसं सोडायचं? ताम्हन आहे, निरांजन आहे. प्रबोध म्हणाला, "अगं, तिला विचार तरी." विचारलं. त्याने फायदा होतो का, म्हणाली. हमखास, म्हटलं मी.

७ डिसेंबर, रविवार
ओवाळलं. घामात टिकावं म्हणून कुंकू पाण्यात कालवून चांगलं ठसठशीत लावलं. काय हा माझा शहाणपणा!

शेवटच्या टप्प्यापर्यंत ती चौथी होती. चौथी! आम्ही कठड्याला धरून उभे, ओरडून ओरडून माझा घसा बसलेला. ती वळणावर दिसली. कपाळापासून हनुवटीपर्यंत लाल ओघळ, बनियनवरही लाल. प्रथमोपचाराच्या स्वयंसेवकाने धावत जाऊन तिला धरलंच. तो म्हणतोय, "मॅडम, यू आर ब्लीडिंग," ती हात झटकतेय, तो सोडत नाही. आणि मी कठड्यावरून मराठीत ओरडतेय, "अहो, कुंकू आहे ते, सोडा तिला!" मराठीत! सिंगापुरात इतकी वर्षं काढून ऐन वेळी एक इंग्रजी शब्द सुचला नाही.

तेवढ्यात दोघी पुढे निघून गेल्या. गिलियन सहावी आली.

करायला गेले गणपती, झालं माकड.

८ डिसेंबर
सकाळी कंपनीचा फोन आला. करार संपला. मी माफी मागायला गेले तर तीच मला चहा करून देत होती. "टाच शेवटपर्यंत दुखली नाही, नीता," एवढंच म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला निदान समजावता तरी येतं.

१० डिसेंबर
गेली. एअरपोर्टवर गार्गी तिला सोडेना. मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.
घरी आल्यावर बघते तर बाथरूमच्या आरशावर चिकटवलेली माझी लाल टिकली नाही. गार्गीला विचारलं. "नॉट मी, लाह!" पडली असेल बेसिनमध्ये.

५ फेब्रुवारी २०१५
गिलियनचं काही कळत नाही. प्रबोधच्या मॅनेजरकडून एवढंच, की शाळेत लागली. कुंकवाचा करंडा दिसला की अजून कसंतरी होतं.

१५ मार्च, रविवार
गिलियनचा फोटो आला! कुठल्याशा थंडगार गावातली शर्यत. अंगात शाळेचं बनियन, पोटाशी अंतिम रेषेवरची फीत, आणि कपाळावर माझी टिकली — जागची हललेली नाही. खाली लिहिलंय, "पहिली आले. आता आख्खं पाकीट पाठव."