डबीत थुंकलो ते मी

आबा, पोरानं दवाखान्यात उशिरा आणलं, असं तुम्ही जुन्नरच्या दवाखान्यातल्या खाटेवरून आत्याला सांगितलं, ते मला अजून पटलेलं नाय. उशीर कुणी केला? डिंभ्याला धरणावरच्या आपल्या घरी सिस्टर दारात आली, प्लास्टिकची डबी देऊन म्हणाली, "सकाळी उठल्या उठल्या खोकून बेडका यात टाका, टीबी आहे का बघू." ती वळली तशी तुम्ही डबी माझ्या हातात दिली. "तू थुंक."

"आबा, खोकता तुमी."

"तुझी न् माझी थुंकी काय येगळी हाय व्हय? रजिस्टरात नाव चढलं तर माझ्या हातची मासळी कोण घेईल रं?"

मी थुंकलो. शाळा सोडून होडीवर तुमच्यासंगं येत होतो, मिसरूड फुटलं होतं, कळत नव्हतं असं नाय म्हणता येत. रिपोर्ट चांगला आला. तुम्ही विकायला काढलेला मोठा मासा घरीच शिजवायला लावला. सिस्टर मात्र परत आली. "आबा, अजून एकदा द्या की. खोकला रस्त्यापासनं ऐकू येतोय." तुम्ही हसता, "ताई, सरकारला माझ्या थुंकीची एवढी गोडी कशापायी?" तीही हसते. मी जाळं सोडवत बसलोय, मान वर करत नाय. मग ती मला विचारते, "भाऊ, ती यांचीच होती ना?" मी हो म्हणतो. पुढं तुम्हाला रक्त पडायला लागलं तेव्हा कुठं जुन्नर गाठलं. तोवर लई उशीर झाला होता, त्या खाटेवरून तुम्ही उठलाच नाय.

आता मी सुरतेला साड्या छापायच्या कारखान्यात आहे. आधीची दोन कामं सोडली, माझं बूड कुठं टिकतं. दिवाळीपासून मलाच खोकला. इथं डबी दिली, थुंकलो, टीबी निघाला. दिवसाआड दवाखान्यात नर्सबाईसमोर सात गोळ्या गिळायच्या. दिवसभर पोटात ढवळतं, लघवी लाल होते, जिना चढला की बसावं लागतं. दवाखान्याला निघालो की मुकादम विचारतो, "फिर किधर चला?" मी दात दुखतो म्हणतो. खोलीतल्या पोरांना कळलं तर ताट वेगळं करतील. तुम्ही का घाबरलात ते आता समजतं, पण आबा, राग जात नाय. गोळी मात्र एक चुकवलेली नाय.

हा कागद कुठं धाडायचा नाय म्हणून लिहितोय. खाडे पडले, पगार कापला. आईला मी कारखान्यात काम कमी आहे असं सांगितलं. या महिन्याला तिला पाठवतोय चारशे रुपये.