संकष्टीची गोळी

मखमलाबाद, १०-११-९८

चि. सौ. मनीषास, नानांचे अनेक आशीर्वाद वि. वि.

शेवंतीला यंदा भाव बरा आहे. तुझ्या आईच्या शुगरच्या गोळीची काळजी नको. तू सांगून गेलीस तशी रोज सकाळी मी स्वतः तिच्या हातावर ठेवतो आणि ती गिळेपर्यंत हलत नाही. पोलीस लागून गेलात काय, असं विचारते.

तरी परवा संकष्टीला शेवंती खुडताना ती घामाघूम होऊन वाफ्यातच बसली. मागच्या संकष्टीलाही असंच झालं होतं. शेजारची लंकाबाई म्हणते, नजर लागली. मला भीती वाटते. गोळीचा जोर कमी पडतो काय? दोन द्याव्या का, ते कळव. जावईबापूंना आशीर्वाद. आम्हा दोघांवर जीव आहेच, तो असू दे.

तुझा,
नाना

घोटी, १४-११-९८

ती. नानांस, शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोन गोळ्या मुळीच देऊ नका! संकष्टीला आई चंद्र दिसेपर्यंत पाण्याशिवाय काही घेत नाही आणि तुम्ही नेमाने गोळी देता. ह्यांनी इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ती गोळी घेऊन उपाशी राहणं जिवावर बेतेल. पुन्हा घाम सुटला, हात थरथरले, तर लगेच साखरपाणी पाजा. आणि आधी तिला तुमच्या डॉक्टरांकडे न्या. आपल्या मनाने गोळी कमीजास्त करू नका.

तुमच्या काविळीत नवस म्हणून बोललेला उपास ती सहजी सोडणार नाही, ठाऊक आहे. पण नाना, मला आई हवी आहे. लिहिण्यात अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला.

तुमची,
मनीषा

मखमलाबाद, ८-१२-९८

चि. सौ. मनीषास, अनेक आशीर्वाद.

आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. गोळी जेवणासोबतच, उपास बंद. तुझी आई ऐकेना. डॉक्टरांनाच म्हणाली, औषधानं उपास मोडत नाय, मग उपासानं औषध कसं बिघडंल? आन् नवस मोडून यांना काही झालं तर?

इतकी वर्षं ती माझ्या जिवासाठी उपाशी राहिली, हे मनाला फार लागलं. शेवटी मी म्हटलं, नवस माझ्यासाठी ना, मग उपास मी धरतो. गणपतीला काय, या घरातून एक उपास पोचला म्हणजे झालं.

परवा माझी पहिली संकष्टी झाली. तिने भाकरी खाल्ली, गोळी घेतली, चक्कर नाही. पण मला उपाशी बघून तिला घास जाईना. म्हणून मी तिच्याकडे पाठ करून बसलो, तेव्हा कुठे जेवली.

तुझ्या घरी सर्वांना आमची आठवण सांग. चंद्र एवढा उशिरा उगवतो, हे मला या वयात कळलं.

तुझा,
नाना