नंबराला विचारलं, तू कुणाचा

तासगाव, बेदाणा शेड
दुपार

ती. विजयमाला अक्कास,

धाकट्या जयराजचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? शाळेतून निवृत्त झालीस तरी गच्चीवर चढतेस असं कानावर आलं, चढू नकोस. इकडे तुझी भावजय संयोगिता खुशाल आहे. मी शेडवरच असतो. (जाळ्यांवर हिरवा बेदाणा सुकतोय, आणि वाऱ्याबरोबर असा वास येतो की बसल्याजागी डोळा लागतो.) फोन तू उचलत नाहीस म्हणून हे पोस्टानं.

क्रांतीच्या साखरपुड्याला शिऱ्यात तू मी पाठवलेला बेदाणा न घालता दुकानातला घातलास आणि मी, सख्खा मामा, पानावरून उठलो, त्याविषयी मला काही लिहायचं नाही. लिहायचं आहे ते आमच्या मेलविषयी. शेडच्या नावानं मी स्वतःचा मेल सर्व्हर भाड्यानं घेतला (हौस, दुसरं काय). परवा सांगलीचा व्यापारी म्हणाला, तुमची पत्रं आमच्याकडं कचऱ्यात पडत्यात. होस्टिंगवाल्यांना फोन लावला. तिथं सृष्टी नावाची शांत पोरगी आहे. ती म्हणाली, "काका, पत्र आलं की समोरचं मशीन तुमच्या सर्व्हरच्या नंबराला विचारतंय, तू कुणाचा? तुमचा नंबर गप बसतोय. मग त्याला संशय येतोय." हा प्रश्न मला लहानपणापासून पाठ. स्टँडवर उतरलो की म्हातारी माणसं हेच विचारायची आणि आपण दोघं एका सुरात सांगायचो, भाऊसोंचं. तेव्हा कंट्रोल पॅनेलमध्ये रिव्हर्स डीएनएसची, म्हणजे नंबरानं सांगायच्या नावाची, रिकामी चौकट दिसताच मी तिच्यात आपल्या अप्पांचं नाव घातलं, भाऊसो, पुढं शेडचं.

ते जगभर पोचायला एक दिवस लागतो म्हणे. तो अख्खा दिवस मी बारदानावर पडून होतो. कुठल्या तरी परमुलखात एक नंबर अनोळखी लोकांना सांगतोय, मी भाऊसोंचा, असं डोळ्यांपुढं येत होतं. पत्रं मात्र कचऱ्यातच. सृष्टी म्हणाली, "काका, नंबर भाऊसो सांगतोय, पण भाऊसो म्हणून हाक मारली तर ओ कोण देतंय? कुणीच न्हाई." (अप्पांना जाऊन सहा वर्षं झाली, हे तिला कुठून ठाऊक.) मग म्हणाली, "आवं, मग मशिनीचंच नाव भाऊसो ठिवूया की." तिनं सांगितलं तसं ते नाव आमच्या नंबराला जोडलं. आता हाक मारली की नंबर ओ देतो आणि नंबराला विचारलं की अप्पांचं नाव सांगतो. मी रोज दोनदा उगीच तपासून बघतो. मला लय बरं वाटतं, अक्का.

क्रांतीला आशीर्वाद, दाजींना नमस्कार.

भाऊसोंचा
जयराज

ता. क. तुझ्या मेलमध्ये स्पॅम नावाचा कचऱ्याचा कप्पा आहे. त्यात माझी दोन पत्रं असतील. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशीचं माफीचं आहे, ते वाच. साखरपुड्याच्या दिवशीचं न उघडता पुसून टाक. कप्पा महिन्यानं आपोआप रिकामा होतो आणि महिना मंगळवारी भरतो.

ता. क. २ सृष्टी म्हणते, आता नव्यानं पाठवलं तर थेट पोचेल. मी पाठवलेलं नाही. आजवर तुझं उत्तर आलं नाही तो दोष त्या नंबर-नावाच्या रेकॉर्डचा होता. यापुढं नाही आलं तर कुणाचा म्हणू?