घोडनदीकाठचा अमेरिकन फुटबॉल

१२ जुलै २००२
न्यू जर्सीच्या मेहुण्याने अमेरिकन फुटबॉल पाठवला. दोन्हीकडून टोकदार. सुलक्षणाने तो धुऊन फळांच्या टोपलीत ठेवला. बायको आहे, खेळाडू नव्हे. मी मात्र हा खेळ केबलवर दोनदा पाहिलाय. त्यातला एक सामना जवळजवळ अर्धा. कॉलेजचा जिमखाना माझ्याकडेच. यंदा बाकी सगळे खेळ बंद. शिरूर जगाच्या नकाशावर!

१५ जुलै
दौंडच्या कॉलेजचे कोच आण्णा, रेल्वेतून रिटायर्ड, तेही टीम काढायला तयार. म्हणजे टीम दोन, सामने तीन. म्हणजे आपण हंगाम सुरू व्हायच्या आधीच फायनलमध्ये. प्रिन्सिपॉल शंकररावांना हे अभिमानाने सांगितलं. ते म्हणाले, एक तरी सामना जिंका, नाहीतर जिमखाना भाग्यश्री मॅडमकडे जाईल. मॅडम खो-खोवाल्या! हसू आवरेना.

२२ जुलै
ट्रायल. अकरा हवे होते, अकराच आले. अख्खी कबड्डी टीम. त्यांची प्रॅक्टिस मीच बंद केल्याने मोकळी होती. कॅप्टन इनामगावचा महेंद्र. विचारतो, "सर, हातात धरून पळायचं, मंग फुटबॉल का म्हनायचं?" म्हटलं, तो अॅडव्हान्स भाग आहे, पुढे येईल.
घरी येऊन विचार केला. मेहुण्याला फोन करणे.

९ ऑगस्ट
हेल्मेट आली! सणसवाडीच्या एका कंपनीतून टीममधल्या सुमितच्या मामाने पिवळी मिळवली. खांद्यांना फोम बांधला. पोरं अस्सल अमेरिकन दिसतात. लांबून बघितलं तर स्लॅब टाकायला निघाल्यासारखी, पण लांबून बघायचंच कशाला?
सुलक्षणा सोफ्याच्या गाद्या शोधतेय. सवडीने सांगू.

२४ ऑगस्ट. परतीच्या एसटीत
दौंड ४२, आपण ०. आकड्यांवर जाऊ नये. महेंद्र चार वेळा चेंडू घेऊन वाऱ्यासारखा घुसला. रेषा हाताच्या अंतरावर. पण दर वेळी त्याने दौंडचा एक गडी शिवला आणि "कबड्डी कबड्डी" करत मागे पळत आला. वर माझ्यावरच चिडला, "सर, शिवलेला गडी भाईर का जाईना?"
संकल्प: उद्यापासून मैदानावर कबड्डी हा शब्द बंद.

१४ सप्टेंबर
शिरूरला सामना. अफाट गर्दी! माझा गुप्त 'घोडनदी प्लॅन': वळणं घेत घेत पुढे. कालच फळ्यावर काढून दाखवला. तासाला आलेल्या मारुतरावांनी तो मागणीचा वक्र समजून एसवायच्या पोरांना वहीत उतरवायला लावला. अर्थशास्त्रवाले असेच.
सुमितने हंगामातला आपला पहिला झेल घेतला! इतका हरखला की चेंडू घेऊन तडक मैदानाबाहेर, आईकडे. "आई, घावला, घावला!" आईने, साखरबाईंनी, तिथेच पोराची दृष्ट काढली. पब्लिक वेडं झालं. मीही नाचलो. रेफरीने काय खुणा केल्या ते कुणी पाहिलंच नाही.
दौंड ३६, आपण ०. सहाची सुधारणा. या वेगाने सहा सामन्यांत बरोबरी.

२८ सप्टेंबर
महेंद्र घरी आला. तिसरा सामना दौंडला, आणि त्याच दिवशी तिथेच कबड्डीची जिल्हा निवड. पोलीस भरतीला उपयोग होईल म्हणतो. "जाऊ का सर?" मी त्याला जवळ बसवून समजावलं: कबड्डीला स्कोप नाही, जग कुठे चाललंय बघ. तो म्हणाला, "व्हय सर." पोरगं समजूतदार.

५ ऑक्टोबर
शेवटचं भाषण ठोकलं. सगळे माना खाली घालून ऐकत होते. पिनड्रॉप! महेंद्र पाया पडला, म्हणाला, "चुकलं तर माफ करा सर." सामन्याच्या आधीच इतकी नम्रता! उद्या जिंकतोच.

६ ऑक्टोबर. दौंड स्टँड
शिरूरला एसटीत एकही पोरगं दिसलं नाही. आधीच्या गाडीने गेले असणार. काय हा उत्साह!

दुपारी
मैदानावर आण्णा एकटेच, गळ्यात शिट्टी. त्यांची पोरं "येतीलच." माझीही. तोवर टॉस करून घेतला. मी जिंकलो. शिरूरचा पहिला विजय.

रात्री, घरी
पलीकडच्या मैदानातून आरडाओरडा ऐकू आला म्हणून आम्ही दोघे बघायला गेलो. कबड्डीची निवड चालू होती. माझे अकरा तिथेच. आण्णांचेही बरेचसे.
महेंद्र चढाईवर होता. चौघे अंगावर पडले. त्या ढिगाऱ्यातून त्याचा हात सरकत सरकत निघाला आणि रेषेला लागला. मी इतका ओरडलो की घसा बसला.
त्याची निवड झाली. धुळीने माखलेला समोर येऊन उभा राहिला. "रागावला का, सर?" मी पाठ थोपटली. मग निवड समितीतल्या कुणीतरी विचारलं, हे कोण? तो म्हणाला, "आमचं सर हायेत. लई मार खायला शिकवलं."
उद्या जिमखान्याच्या किल्ल्या भाग्यश्री मॅडमकडे देणे.
परतताना आण्णांनी विचारलं, त्या शेवटच्या चढाईत एवढे गुण कसे मिळाले? स्टँडपर्यंत त्यांना समजावत आलो. चौघांनी धरलं तरी रेषा शिवली की चौघेही बाद. यंदाच्या हंगामात मैदानावर काय चाललंय ते मला आज पहिल्यांदाच कळलं.