कोरी स्लाइड तपकिरी का?

८ एप्रिल, नांदेड
परत तेच. बोकडाच्या स्वादुपिंडाचे काप रंगवले. प्रोटीन कायनेज हे एन्झाइम जिथं असंल तिथं तपकिरी रंग यायला पाहिजे. आला. बेटांत आला, म्हणजे इन्सुलिन करणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांत. पण ताडून बघायच्या कंट्रोल स्लाइडवर पण! तिच्यावर कायनेजला चिकटून रंग आणणारी अँटिबॉडी टाकलीच न्हवती, ती कोरी राहायला पाहिजे. डोकं चालंना.
गाइड सर खूश. "बेटांत दिसतंय ना? पोस्टरला टाक." मी म्हटलं, सर, कंट्रोल... तेवढ्यात त्यांचा फोन आला. १६ला सेमिनार. माझं पहिलं.

९ एप्रिल
दुसरा बोकड. तसंच. काय करून राहिले मी?
टंचाईमुळं डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र बंद, एका कॅनवर भागवायचंय. मी तर थेंब वाया घालवत नाही. अँटिबॉडीच्या स्लाइडा धुतल्या की त्याच बफरात, म्हणजे त्या पाण्यात केलेल्या धुण्याच्या द्रावणात, कंट्रोल धुते. लातूरकडची पोरगी म्हणून मैत्रिणी चिडवतात. चिडवू देत.

१२ एप्रिल, जळकोट
घरी. टँकर आलाच नाही. अण्णा शेजाऱ्याशी तावातावानं, उदगीर जिल्हा होणार का न्हाई. मला म्हणतात, "तू शिकलेली, सांग, आपण लातुरात का उदगिरात?" अण्णा, मला एक एन्झाइम कुठल्या पेशीत हाय ते सांगता येईना!
दुपारी आईनं हळदीचं पातेलं विसळलं, त्याच पाण्यात अण्णांचा पांढरा रुमाल बुचकळला. पिवळा. मी ओरडले, "आई, अगं त्याच पाण्यात कशाला?"
"मग काय फेकून देऊ? तुमच्या नांदेडात नळाला गंगा आली असंल!"
माझं बफर. त्यात सुटलेली अँटिबॉडी माझ्या कंट्रोलवर. अरे देवा.

१४ एप्रिल, नांदेड
सुट्टी. लॅबमध्ये मी एकटीच. प्रत्येक स्लाइडला नवं बफर. कॅन संपला.
कंट्रोल कोरी! नाचावंसं वाटलं. मग सूक्ष्मदर्शकाखाली अँटिबॉडीची स्लाइड लावली. बेटं फिकी. जवळजवळ कोरी. रंग आजूबाजूच्या पेशींत, तोही पुसट. म्हणजे आधीचं खोटं, नीट न धुतलेली अँटिबॉडीच बेटांत अडकलेली? का आज माझंच काही... कळंना. परत करायला पाणी नाही.

१५ एप्रिल
सरांना दाखवलं. "पाणी बदललं म्हणून बेटं गेली होय?" हसले. मग, "पोस्टर छापून आलंय. जुनाच फोटो राहू दे. पाऊस पडल्यावर निवांत बघू."
मी स्लाइडा डबीत ठेवल्या नि निघाले. लई भ्या वाटून राहिलं.
उद्या पोस्टरपुढं मीच उभी राहणार, वर माझं नाव. कुणी विचारलं, कंट्रोलचा फोटो कुठाय, तर?
आणि कुणीच विचारलं नाही तर?